हुं म्हणू का वांगे तोलू?

चैत्र वद्य सप्तमी. गहू भिजवून तीन दिवस झाले होते, ते वाटून चीक गाळून ठेवायचा दिवस. वर्षाच्या कुरडया हे एका बाईचं काम नव्हे, म्हणून अकोल्याहून जाऊबाई आल्या होत्या. त्या पाट्याशी बसल्या, मी पातेल्यावर फडकं बांधलं, आणि हात कामाला लागताच दोघींच्या डोक्यात एकच माणूस आला, कारण त्या माणसाने आम्हा दोघींना आयुष्यात एकही काम गप्प बसून करू दिलं नव्हतं. जाऊबाईंचे यजमान, म्हणजे माझ्या यजमानांचे आतेभाऊ, म्हणजे आमचे अकोल्याचे भाऊजी. बोलकी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. वकिलाच्या शेजारी राहते, त्यामुळे पाहावीच लागली. पण अमरावतीपासून अकोल्यापर्यंत भाऊजींइतकं गोड बोलणारा, त्यांच्याइतकं जीव ओतून गाणारा आणि घरकामात त्यांच्याइतका निरुपयोगी माणूस वऱ्हाडाने दुसरा जन्माला घातलेला नाही.

भाऊजींची मुख्य अडचण अशी, की त्यांना हुंकार लागे. आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हुं' म्हणायचं असतं. तो मिळाला की सांगणारा पुढे जातो, नाही मिळाला की गोष्ट तिथेच बसते. बाकीच्यांच्या घरी ही गोष्टीपुरती रीत होती, भाऊजींच्या बाबतीत ती श्वासापुरती होती. त्यांना साधं पाणी हवं असलं तरी ते ओट्यावर बसून सुरुवात करायचे, "वयनी, मी टेसनावरून निघालो..." आणि थांबायचे. मी म्हणायची, "हुं." "ऊन तं असं, का डोक्शावर तवा ठेवला..." "हुं." "अन् घसा कसा, वाळली खारीक..." एव्हाना मी तांब्या त्यांच्या पुढ्यात आणून ठेवलेला असे. पण शेवटचा हुं मिळाल्याशिवाय ते तांब्याला हात लावत नसत. जाऊबाई लग्नानंतर काही वर्षं मुकाट्याने हुं म्हणाल्या आणि मग एक दिवस त्यांनी ते बंद केलं. "मले भाकरी करा लागते, पोरी न्हाऊ घाला लागते. मी का झाडावरचं घुबड हाय हुं-हुं करत बसाले?" असं त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून भाऊजी हुंकाराच्या शोधात घराबाहेर पडले ते पडलेच.

टांगेवाल्याजवळ बसत, कारण घोडा मान हलवी. न्हाव्याकडे जात, पण न्हावी स्वतःच बोलका निघाला, म्हणून दाढी अर्धी ठेवून परत आले. एकदा जठारपेठेत भाजी आणायला गेले असताना वांगी विकणाऱ्या माळणीला त्यांनी वांग्याच्या जन्माची गोष्ट सांगायला घेतली. मागे गिऱ्हाइकं उभी. माळणीने दोनचार हुं दिले, मग तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, एक काय ते सांग. हुं म्हणू का वांगे तोलू?" भाऊजी म्हणाले, "हुं म्हण, बाई. वांगे काय, उद्या बी भेटतीन." घरी रिकामी पिशवी घेऊन आले. जाऊबाईंनी त्या दिवशी पिठलं केलं आणि ताटात वाढताना एक शब्द बोलल्या नाहीत, हुं तर दूरच.

नोकरी होती कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात, काट्यावर. कापसाच्या गाड्या यायच्या, वजन व्हायचं, ते भाऊजींनी लिहायचं. ते लिहीत, नाही असं नाही. पण गाडीवान आला की आधी त्याला विचारत, "गाव कोन्तं? तुही माय जात्यावर काय म्हनते?" आणि तो बिचारा गाडीवान, कापूस विकायला आलेला गडी, डोक्याचं मुंडासं सोडून आईच्या ओव्या आठवत उभा राही. मागे गाड्यांची रांग स्टेशनापर्यंत. मालक तरी सहन का करी? कारण लांबलांबचे गाडीवान इतर जिनं सोडून भाऊजींच्या काट्यावर येत. बैल सोडून, कडब्याच्या पेंढ्या टाकून, भाऊजी नवीन काय म्हणतात ते ऐकत बसत.

गाणी सगळी बायकांची. माझ्या आतेसासूबाई, म्हणजे भाऊजींच्या आई, पहाटे दळायच्या तेव्हा हे लहानपणी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे. पीठ जात्यातून बाहेर पडलं आणि गाणी यांच्या कानात पडली. भुलाबाईच्या दिवसांत तर भाऊजी हमखास अमरावतीला येत. पोरी फेर धरून गाणी म्हणत आणि हे मोठे मिशावाले गृहस्थ मध्ये मांडी घालून त्यांच्या चुका काढत. एका वर्षी माझ्याकडे खाऊ ओळखायचा होता. मी मुद्दाम कुणाला सुचणार नाही असा शिंगाड्याच्या पिठाचा शिरा केला होता. पोरी डबा हलवून पाहतात, लाडू म्हणतात, करंजी म्हणतात, हरतात, तेव्हा कुठे आपण डबा उघडायचा. पण भाऊजी दुपारभर माझ्या चुलीशी बसलेले होते आणि त्यांना गुपित पचत नसे. त्यांनी डोळे मिटून तिथल्या तिथे ओवी रचली:

तळ्याच्या पाण्यात, बाई, कोन पिकवते शेत
काट्याच्या फळाले गोड दुधाचा बेत

पोरी एका सुरात ओरडल्या, "शिंगाडे!" मी डबा त्यांच्यापुढे आदळला आणि भाऊजींना शिरा वाढला नाही. त्यांनी तो पोरींकडून मागून खाल्ला.

आमच्याकडे म्हणतात, दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. भाऊजी अकोल्यातल्या निम्म्या पोरांचे मामा होते आणि गोष्टी दिवसाच सांगत, त्यामुळे वाट चुकायचं कामही त्यांच्याकडेच होतं. सकाळच्या गाडीने निघालो म्हणून निरोप आला की मी रात्रीचा स्वयंपाकसुद्धा धरत नसे. मूर्तिजापूरला कुणी डफवाला भेटे, बडनेऱ्याला गाडी बदलायची तर तिथे संत्र्यांच्या टोपलीवर बसलेल्या म्हाताऱ्या भेटत. दुसऱ्या दिवशी उगवायचे, एका हातात जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं तुणतुणं आणि दुसऱ्या हातात म्हातारीने दिलेली संत्री. "जेवले का?" विचारलं तर थोडा विचार करून म्हणत, "मले वाटते, नाई."

त्या काळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. सगळा कारभार नागपूरला, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर रेडिओही तिथेच सुरू झाला. शेजारच्या वकिलांच्या मुलीच्या लग्नात भाऊजी मांडवात बसून गात होते, ते रेडिओतल्या एका साहेबांनी ऐकलं. साहेब पुण्याकडचे. आमची बोली त्यांच्या कानाला टोचत असावी, पण गाणं टोचलं नाही. "गावकऱ्यांच्या कार्यक्रमासाठी आपल्याला असाच माणूस हवा आहे. परीक्षेला या," म्हणाले. शहाणा माणूस परीक्षा देतो, पास होतो आणि मग नोकरी सोडतो. भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी जिनातली नोकरी सोडली. जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या भांडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "रेडिओनं नाई घेतलं तं मी दर्यापूरले माहेरी चालली. पोरी बी नेते. मंग तुमी बसा भितीले गोष्टी सांगत. भित हुं म्हनली तं मले कळवा."

भाऊजी नागपूरला गेले, आणि नापास झाले. नागपूरहून अकोल्याला घरी जायचं धाडस झालं नाही, म्हणून बडनेऱ्याला उतरून माझ्या ओट्यावर येऊन बसले. मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते.

"वयनी, त्यायनं मले एका खोलीत कोंडलं..."

"हुं."

"खोलीले खिडकी नाई. भितीले सारी गादी लावेल. समोर एक डबा, दांड्यावर..."

"हुं."

"मी म्हनलं, राम राम मंडळी. अन् थांबलो. डबा काईच म्हने ना. काचीमांगं सायेब हात हालवून राहिला. मले वाटलं, मच्छर हाकलून राहिला. मी थांबलो, अन् थो डबा बी थांबला. मंग सायेब आला धावत, म्हने बोला ना! मी म्हनलं, सायेब, कोनीच हुं नाई म्हनत, तं मी पुढं जाऊ कसा?"

साहेब भला होता. पुढच्या आठवड्यात आणखी एकदा बोलावलं होतं. भाऊजी माझ्या टोपलीतल्या शेंगेशी चाळा करत म्हणाले, "तुमी चला न, वयनी."

"तुमच्या बायकोला न्या."

"थे पदरात हासते. अन् तुमचा हुं कसा पक्का असते. गोठ्यातला खुटा जसा. कितीबी ओढा, हालत नाई."

मला माझ्या हुंची एवढी कीर्ती ठाऊक नव्हती. पण दर्यापूरच्या गाडीची मला कल्पना होती. जाऊबाई बोलल्या म्हणजे करणाऱ्या. शिवाय नागपूरला माझी बहीण राहत होती आणि तिला लोणच्याची बरणी पोचवायचीच होती. एका फेरीत दोन कामं होत असतील तर मी नाही म्हणत नाही.

रेडिओच्या खोलीत मी खाली सतरंजीवर बसले आणि पिशवीतून शेंगा काढल्या. लगेच साहेब आले. "बाई, ते सोलणं बंद करा, आवाज जातो." मी म्हटलं, "साहेब, रिकाम्या हाताने मला हुं म्हणता येत नाही. माझ्या आयुष्यात मी नुसती बसून कुणाचं काही ऐकलेलं नाही." साहेबांनी डोक्याला हात लावला. मग मला वातींचा कापूस आठवला, तो पिशवीत असतोच. वाती वळायला आवाज होत नाही. मी वाती वळत बसले आणि भाऊजी म्हणाले, "राम राम मंडळी." मी म्हटलं, "हुं." आणि धरणाची फळी काढावी तसा माणूस सुटला. सोंगाड्याच्या सासूची गोष्ट सांगितली, तुणतुण्यावर गायले, म्हशीचा आवाज काढला, सासूचा काढला, दोघींचं भांडण लावलं. काचेमागे साहेबांचं तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता, पण मला ओठांवरून कळलं. पुण्याचा माणूस हुं म्हणत होता.

भाऊजी पास झाले, मग पहिला खरा कार्यक्रम झाला. त्याला मी गेलेच. जे बोलाल ते त्याच क्षणी सगळीकडे ऐकू जातं, असं साहेबांनी तीनतीनदा बजावलं होतं. भाऊजी रंगात आले आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या रोडग्यांवर घसरले. "मंडळी, आमच्या अमरावतीच्या वयनीच्या हातचे रोडगे म्हंजे... मी गरीब मानूस, दोन खाल्ले अन् उठलो." माझ्या हातात वात होती, डोळ्यांपुढे त्या दिवशीचं रिकामं पातेलं आलं, आणि तोंडातून निघून गेलं, "दोन नाही, सहा."

ते वऱ्हाडभर गेलं. दुसऱ्या दिवशी मी संत्री घ्यायला मंडईत गेले, तर आमचे नेहमीचे बागवान चाचा तराजू धरून हसायला लागले. "भाभी, वो छे रोडगेवाली आवाज आपकी थी ना? हमारे घर में सब पहचान गए." भाजीवाल्या बायका एकमेकींना कोपराने खुणा करू लागल्या. घरी आले तर यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि म्हणाले, "मला इतक्या वर्षांत एकदा हुं म्हणाली नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही कधी वाक्य संपवता?"

पण दर आठवड्याला नागपूर हे काही जमण्यासारखं नव्हतं. घरी मुलं, सासूबाईंचं पथ्य, मी नसले की यजमानांची करपलेली खिचडी. साहेबांनी माझ्या जागी कचेरीतला एक तरुण बसवून पाहिला. तो हुं म्हणाला, आणि भाऊजी तिथेच अडले. "याचा हुं सरकारी हाय, सायेब. ऐकून नाई म्हनत, हजेरी लावल्यावानी म्हनते." साहेबांचीही सहनशक्ती संपत आली. पुढच्या कार्यक्रमात भाऊजींनी एकट्याने बोलायचं. पुन्हा अडले तर दुसरा माणूस घ्यावा लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

भाऊजी पुन्हा माझ्या ओट्यावर. मी म्हटलं, "हे पाहा भाऊजी. मी वकिलांकडे रेडिओपाशी बसते. तुम्ही वाक्य संपलं की थांबायचं. मी इथून हुं म्हणेन. मग पुढे जायचं."

"पन मले आयकू कसा येईन?"

"मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ऐकताय. आता न ऐकू यायला काय झालं?"

त्यांनी तुणतुणं काखेत मारलं. मग, "थे बी खरं हाय," म्हणाले आणि गेले.

त्या संध्याकाळी वकिलांच्या दिवाणखान्यात आम्ही सगळे बसलो. जाऊबाई अकोल्याहून दोन्ही पोरींना घेऊन आल्या होत्या आणि बोचकं बांधूनच आल्या होत्या. भाऊजी अडले तर परस्पर दर्यापूर. बोचकं मांडीवर, नजर जमिनीवर. रेडिओ खरखरला. "राम राम मंडळी." मी म्हटलं, "हुं."

पुढे काही नाही.

वकील उठून रेडिओची कळ पिरगाळायला गेले. मी म्हटलं, "हात लावू नका. यंत्र ठीक आहे, माणूस अडलाय." जाऊबाईंची बोटं बोचक्याच्या गाठीवर घट्ट झाली. धाकटी पोर आईच्या तोंडाकडे पाहत होती. मी रेडिओच्या अगदी जवळ सरकले, पदर खोचला, आणि परसात धुणं वाळत घालणाऱ्या मोलकरणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "हुं!"

आणि रेडिओतून आवाज आला, "हां. आलं आयकू, वयनी."

तिथून पुढे ते कधी अडले नाहीत. जाऊबाईंनी बोचक्याची गाठ सोडली, आतून पानाचा डबा काढला, पान लावलं आणि म्हणाल्या, "राह्यते मंग चार दिवस." पण हुं काही म्हणाल्या नाहीत. मी विचारलंसुद्धा. "म्या अकोल्यात लय म्हनले, बाई. आता सरकार म्हनो."

पुढे भाऊजी वऱ्हाडात कुणाला माहीत नाहीत असं घर राहिलं नाही. वाक्य संपलं की ते जागा सोडत, आणि ती जागा लोक भरू लागले. आमच्या चौकात रेडिओचा कर्णा लावलेला होता. मी एकदा तिथून येत होते, तर टोपल्या आवरणाऱ्या माळणी, टांगेवाले, चाचांची दोन्ही मुलं, शिंपी, सगळे उभे. भाऊजी थांबले की अख्खा चौक म्हणे, "हुं." गोठ्यातली म्हैस रेकावी तसा आवाज. मी भाऊजींना हे सांगितलं तर त्यांना आनंद व्हायचा सोडून काळजीच पडली. "मंग एवढ्या लोकायत तुमचा कोन्ता, हे मले कसं समजीन?"

"सगळ्यात कोरडा तो माझा."

"हां, मंग समजीन," म्हणाले, आणि निश्चिंत होऊन जेवायला बसले. सहाच खाल्ले.

मागच्या पौषात भाऊजी गेले. दुखणं आखूड होतं, त्यातही डॉक्टरला त्यांनी दोनचार वेळा हुं म्हणायला लावलं. आणि परवा सप्तमीला, आम्ही चीक गाळत होतो तेव्हा, संध्याकाळच्या कार्यक्रमात त्यांचं जुनं ध्वनिमुद्रण लावणार होते. आता रेडिओ आमच्याही घरी आहे. मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला, कारण काम थांबवणं शक्य नव्हतं. गहू आंबला की वाट पाहत नाही.

"राम राम मंडळी," भाऊजी म्हणाले, आणि थांबले.

माझे दोन्ही हात चिकात होते. तोंड उघडलं, पण हुं काही आला नाही. मी रडणारी बाई नाही. ध्वनिमुद्रण आपलं आपण पुढे जातं, त्याला कुणाची गरज नसते, हेही मला ठाऊक होतं. तरी वाटलं, हा माणूस आता अडतो. पुन्हा अडतो, आणि या वेळी पुढे जायचा नाही.

मागून, पाट्यावरचा वरवंटा थांबला. "हुं," जाऊबाई म्हणाल्या.

आणि भाऊजी पुढे बोलू लागले. शेवटपर्यंत प्रत्येक जागी जाऊबाईच म्हणाल्या. पदरात हसल्या नाहीत. मी चीक गाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी ओतून टाकून चीक शिजवला. गच्चीवर खाट टाकली, तिच्यावर धुतलेलं धोतर पसरलं, आणि ऊन चढायच्या आत कुरडया पाडायला बसलो. दोन ओळी झाल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बाई, एक सांगाचं होतं. पन दिवसा सांगू नाई म्हन्तेत. मामा वाट चुकते."

"चुकायचे ते मामा पोचले आता. सांगा."

त्यांनी हातातला चिकाचा गोळा माझ्या सोऱ्यात भरला आणि खाटेच्या कडेला हात पुसला. "लग्न होऊन मी अकोल्याले आली, तं पयल्याच दिवशी यायनं मले..." आणि त्या थांबल्या.

मी सोऱ्या दाबला. "हुं," म्हटलं.